विश्वेश्वरय्यांची टिपणे आणि आपली दप्तरे

दरवर्षी १५ सप्टेंबर रोजी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बांधकाम व पाटबंधारे खात्यांच्या कचेऱ्यांतून, तंत्रनिकेतनांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. कृष्णराजसागर, म्हैसूरचे दिवाणपद, भारतरत्न आणि शंभरीचे आयुष्य या चार गोष्टी भाषणांतून सांगितल्या जातात आणि अभियंता दिन साजरा होतो. या चारही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु या असामान्य अभियंत्याची घडण झाली ती महाराष्ट्राच्या नद्यांवर आणि कालव्यांवर, आणि त्यांच्या आयुष्याचा सगळा उत्तरार्ध गेला तो निरनिराळ्या संस्थानांचा, सरकारांचा आणि नगरपालिकांचा सल्लागार म्हणून. सल्लागाराने ज्ञान कोठून मिळवावे, ते कसे पारखावे आणि निरोप घेताना ते कोणाच्या हाती सोपवावे, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात सापडतात. आज आपल्या दोन जिल्ह्यांत पूल, धरण, उपसा जलसिंचन, नळपाणी योजना यांपैकी कोणतेही मोठे काम सल्लागाराच्या अहवालावाचून उभे राहत नाही. म्हणून या चरित्राकडे या बाजूने पाहणे अगत्याचे आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या विषयाचे एक वेगळेच आकर्षण वाटते. सिमेंट वापरले की संपते, मजुराचा दिवस भरला की संपतो. ज्ञान मात्र दुसऱ्याला दिल्याने कमी होत नाही. असे असूनही ते फार सहज हरवते. ज्या १९६२ साली विश्वेश्वरय्या निवर्तले, त्याच वर्षी केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कामातून होणाऱ्या शिक्षणाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. उत्पादनाचा अनुभव जसजसा साठत जातो तसतशी उत्पादकता वाढते, असा त्याचा आशय. ही गोष्ट विश्वेश्वरय्यांनी सिद्धान्ताच्या रूपाने कधी मांडली नाही. पण पाऊणशे वर्षांच्या कामात ती आचरली होती.

पांझरेच्या काठी

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृत पंडित होते. त्यांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरास शिक्षण चालविले आणि १८८१ मध्ये बी. ए.ची पदवी मिळविली. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. पुढील सुमारे चोवीस वर्षे त्यांनी या खात्यात काढली.

सुरुवातीच्या काळात खानदेशात असताना धुळ्याजवळील दातर्ती गावी पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू झाला होता, पुराने वाळू वाहून येऊन काम बुजत होते. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना ही टाळाटाळ वाटली आणि कानउघाडणी झाली. तरुण अभियंत्याने मग वाद न घालता नदीकाठीच मुक्काम ठोकला आणि पुराशी झगडत काम तडीस नेले. शिस्तीची कथा म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. माझ्या मते त्याचे महत्त्व याहून अधिक आहे. नदी कशी चढते, वाळू कोठे साचते, प्रवाह केव्हा थोडा वेळ सवड देतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले ज्ञान त्यांना नदीकाठी उभे राहून मिळवावे लागले. कागदावरच्या अंदाजपत्रकाला प्रत्यक्ष जागेची साक्ष हवी, हा नियम ते पुढे कधी विसरले नाहीत.

पांझरेच्या या खोऱ्यात आणखी एक गोष्ट होती. तेथे कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर लहान बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे, पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फडांची फेरपालट करायची. पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला. नियम गावानेच केलेले आणि मोडणाऱ्यास जाबही गावानेच विचारायचा. आपल्याकडे फड म्हटले की उसाची तोडणी डोळ्यांसमोर येते. तिकडे फड म्हणजे पाणीवाटपाची एक संपूर्ण व्यवस्था. तिचा उल्लेख येथे का केला, ते थोडे पुढे स्पष्ट होईल.

सक्कर ते खडकवासला

१८९४-९५ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्करच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठविण्यात आले. सिंधू नदीचे पाणी गाळाने भरलेले. ते गाळण्यासाठी बांधावयाच्या टाक्यांचा खर्च नगरपालिकेला झेपणारा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूलाच गाळणी केले. काठालगत पात्रात विहीर घेऊन वाळूतून झिरपत येणारे स्वच्छ पाणी त्यांनी उपसून वर नेले. नदीच्या वाळूत खड्डा केला की निवळ पाणी मिळते, हे आपल्याकडे कृष्णाकाठच्या बायकांनाही ठाऊक होते. परंतु जे सर्वांना ठाऊक आहे त्याची मोजणी करून, किती खोल विहीर घेतली असता किती पाणी मिळेल याचा हिशेब मांडून त्यावर एका शहराची योजना उभी करणे, हे अभियंत्याचे काम. लोकांच्या अनुभवाचे हिशेबी ज्ञानात रूपांतर करण्याची ही हातोटी त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसते.

पुण्यास बदली झाल्यावर खडकवासल्याच्या धरणाचा प्रश्न समोर आला. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवावे तर धरणाची उंची वाढवावी लागेल, आणि ती वाढविणे खर्चाचे होते. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविण्याची कल्पना काढली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की त्याच पाण्याच्या भाराने दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. त्यामुळे धरणाला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही त्या तत्त्वाचा उपयोग झाला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले. मात्र सरकारी चाकरीत असताना सरकारी धरणासाठी योजलेल्या साधनावर मानधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. ज्ञानाची मालकी आणि ज्ञानाचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कृतीने दाखविले.

सुटीचाही उपयोग त्यांनी शिकण्यासाठी केला. १८९८ मध्ये रजा घेऊन ते जपानला गेले आणि तेथील शिक्षण व उद्योगधंदे पाहून आले. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याविषयी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेविषयी सल्ला देण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. प्रत्येक ठिकाणी रीत एकच असे. आधी पाहणी, मग मोजणी, मग इतरत्रच्या कामांशी तुलना आणि शेवटी लेखी टिपण. या टिपणात निष्कर्षाइतकीच जागा कारणांना असे. कोणता मार्ग सुचविला एवढेच न सांगता तो का सुचविला, हेही वाचणाऱ्याला कळत असे.

गट पद्धत आणि तिची मर्यादा

विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांपुढे एक अडचण होती. मोठा खर्च करून कालवे काढले, परंतु पाण्याचा लाभ थोड्या गावांना आणि तोही प्रामुख्याने उसाला मिळत होता. एकाच जमिनीला वर्षानुवर्षे पाणी दिल्याने ती पाणथळ होत होती आणि हिवतापही वाढत होता. भारतीय पाटबंधारे आयोग १९०१ ते १९०३ या काळात काम करीत असताना त्याच्यापुढे विश्वेश्वरय्यांनी आपली गट पद्धत मांडली आणि पुढे नीरा कालव्यावर ती अमलात आली. निवडलेल्या जमिनीचे गट पाडायचे. गटाच्या साधारण एक-तृतीयांश भागात उसासारखे बारमाही पीक, उरलेल्या भागांत हंगामी पिके. दरवर्षी फेरपालट आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत पाण्याची हमी. फड पद्धतीशी तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. ज्या नदीच्या खोऱ्यात ते तरुणपणी राबले, तेथील शेतकऱ्यांची व्यवस्था आणि ही सरकारी योजना एकाच घराण्यातील वाटतात.

दोहोंत एक फरक मात्र होता, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा त्या फरकातच आहे. फडाचे नियम शेतकऱ्यांनी केले होते, त्यामागची कारणे त्यांच्या अंगवळणी पडली होती आणि ते नियम राखण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. गटाचे नियम खात्याने केले, ते इंग्रजी टिपणांतून अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि राखण्याचे कामही कालव्यावरच्या नोकरांकडे राहिले. शेतकऱ्यांचा प्रारंभी विरोध झाला आणि तो समजुतीने बराचसा निवळला, हे खरे. तथापि व्यवस्थेचे ज्ञान त्यांच्या मालकीचे झाले नाही. १९३२ मध्ये साखरधंद्याला संरक्षण मिळाले, उसाचे आकर्षण वाढले आणि फेरपालटीचा मूळ हेतू मागे पडत गेला. गट हा शब्द दप्तरात राहिला, पाणी उसाकडे गेले. याच विश्वेश्वरय्यांना १९३८ मध्ये मुंबई सरकारच्या पाटबंधारे चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून या प्रश्नाकडे पुन्हा वळावे लागले. हा दोष एका माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळची राज्यपद्धतीच तशी होती. पण ज्याला नियम पाळावयाचा त्याला त्याचे कारण ठाऊक नसेल तर तो नियम पहिल्या मोहालाच बळी पडतो, एवढा बोध यातून निश्चित निघतो.

सल्लागाराचे दिवस

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी नुसते शहर पाहून अहवाल लिहिला नाही. पाणलोट क्षेत्रातील पावसाच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या, वरच्या अंगाचे शेकडो लहान तलाव कोणत्या स्थितीत होते आणि किती फुटले याची चौकशी केली, आणि देशात इतरत्र झालेल्या अतिवृष्टीच्या आकड्यांशी तुलना केली. पुराचे मूळ शहराच्या वर आहे आणि उपायही तेथेच केला पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्यांनी मुसी व तिची उपनदी ईसी यांवर दोन जलाशय सुचविले. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. विश्वेश्वरय्या १९०९ मध्येच म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले होते. ते तेथे नसतानाही कामे पार पडली, याचे श्रेय ज्यांनी ती केली त्यांना आहेच. पण ती करता येतील अशा रीतीने कारणे आणि आकडे मागे ठेवणाऱ्या सल्लागारालाही त्यात वाटा दिला पाहिजे.

म्हैसूरचे पर्व सर्वांना परिचित आहे. कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत ते दिवाण होते. येथे एवढेच नमूद करावयाचे की, बँक आणि कारखाने यांच्याबरोबर त्यांनी १९१६ मध्ये विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळुरास अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहील अशी व्यवस्था केली. धरण बांधणारी माणसे बाहेरून किती दिवस आणणार, हा त्यामागचा विचार. दिवाणपद सोडल्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षे ते सल्लागार म्हणून हिंडत राहिले. मुंबई इलाख्यातील तांत्रिक शिक्षण, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, ओरिसातील महानदीचे पूर असे नाना विषय त्यांनी हाताळले. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारा ग्रंथ लिहिला. वयाची नव्वदी गाठल्यावर, १९५२ च्या सुमारास, गंगेवरील मोकामा पुलाची जागा ठरविण्यासाठी ते स्वतः पाहणीला गेले. १९५१ मध्ये आपल्या कामाच्या आठवणीही त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या नद्या, आपले अहवाल

हे चरित्र सातारा-सांगलीच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. मुसीच्या जागी कृष्णा आणि हैदराबादच्या जागी सांगली घातली की तोच प्रश्न आपल्या दारात उभा राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी सांगली, पलूस, वाळवा, मिरज आणि कराड या भागांची दैना केली. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. त्यानंतर नेमलेल्या समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. आयर्विन पुलापाशी किती फूट पाणी आहे, हे सांगलीतला शाळकरी मुलगाही सांगतो. परंतु कोयनेतून सोडलेले पाणी किती वेळाने येथे पोहोचते, हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा काय करतो, ओढे-नाल्यांच्या तोंडाशी झालेल्या बांधकामांचा परिणाम किती, या प्रश्नांची उत्तरे अहवालांच्या पानांत आणि निवृत्त होत चाललेल्या अभियंत्यांच्या डोक्यात आहेत. नगरपालिकेच्या कारकुनापर्यंत, शाळेच्या शिक्षकापर्यंत किंवा पूररेषेत घर बांधणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचलेली नाहीत.

ज्ञान वाटले गेले तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. हा प्रदेश तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात, जेथे त्याचा उतार बदलतो तेथे, तडे गेले. धरणातील यंत्राने त्या धक्क्याची नोंद टिपली होती. ती नोंद आणि तड्यांचे तपशील दडवून न ठेवता अभ्यासकांना देण्यात आले. धरण भक्कम करण्यात आले, आणि काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम अभ्यासणारे जगभरचे संशोधक आजही कोयनेचे उदाहरण घेतात. कराडजवळ खोल छिद्रे घेऊन भूगर्भाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळाही याच परंपरेतील आहे. एका आपत्तीतून मिळालेले ज्ञान खुले राहिले म्हणून ते वाढले.

असे नित्य का घडत नाही? सल्लागार मंडळींची बाजूही विचारात घेतली पाहिजे. ज्ञान हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, त्याने ते का वाटून टाकावे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरे असे की, सल्लागाराची निवड बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते. दर कमी करावयाचा तर वेळ कमी करावा लागतो, आणि पहिली काट बसते ती जागेवर काढावयाच्या दिवसांना आणि कारणे लिहून ठेवण्याच्या कामाला. नकाशे आणि अंदाजपत्रक यांचेच पैसे मिळत असतील तर सल्लागार तेवढेच देणार. दोष जितका विकणाऱ्याचा, तितकाच विकत घेणाऱ्याचाही आहे. विश्वेश्वरय्यांनी सल्ला दिला म्हणून त्यांची किंमत घटली नाही. एका संस्थानातील टिपण वाचून दुसऱ्या संस्थानाचे बोलावणे येत गेले.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. सल्लागाराशी करार करतानाच कारणांचे टिपण मागावे. कोणते पर्याय तपासले, कोणते का सोडले, कोणत्या आकड्यांवर पुरता भरवसा नाही, हे त्यात असावे आणि त्याचा मोबदला वेगळा द्यावा. सल्लागाराबरोबर खात्यातील एक कनिष्ठ अभियंता पाहणीपासून अहवालापर्यंत बसलेला असावा, म्हणजे सल्लागार गेला तरी खाते रिकामे राहणार नाही. अहवालाचा सोप्या मराठीतील गोषवारा ग्रामपंचायतींकडे आणि सार्वजनिक ग्रंथालयांकडे जावा. पूर्ण प्रत सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या ग्रंथालयांत विद्यार्थ्यांना खुली असावी. काम पूर्ण झाल्यावर काही वर्षांनी, मूळ अंदाज कितपत खरे ठरले, याची पुन्हा पाहणी करून तीही प्रसिद्ध व्हावी. जे चुकले त्याची नोंद नसेल तर पुढचा अभियंता तीच चूक नव्या खर्चाने करील.

या मागण्या करावयाच्या कोणी? केवळ अभियंत्यांनी नव्हे. कचेरीतला कारकून ही टिपणे नीट लावून ठेवू शकतो, शिक्षक ती वर्गात समजावून देऊ शकतो, विद्यार्थी आपल्या प्रकल्पासाठी ती मागू शकतो. पांझरेच्या काठी फड टिकले ते पाटकऱ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना त्याचे कारण ठाऊक होते म्हणून. पुढच्या १५ सप्टेंबरला प्रतिमेपुढे हाराबरोबर आपल्या तालुक्यातील एखाद्या धरणाचा, पुलाचा किंवा नळपाणी योजनेचा अहवाल ठेवावा आणि त्याचे जाहीर वाचन करावे. प्रत्येक कामामागे टिपण ठेवून गेलेल्या त्या अभियंत्याला ते अधिक आवडले असते.